केशो कुट्वाचा सत्कार

ज्या वर्षी आमच्या शुभदाला जुळं झालं, त्या वर्षी, म्हणजे १९९१ साली, सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी मास्तर टांझानियातल्या म्वेंबेनी गावात आंब्याच्या झाडाखाली बसची वाट बघत उभे होते आणि मी त्यांच्या पिशवीत मक्याच्या भाकरी कोंबत होते.

“इस्तेर, पुरे गं. तिथं जेवण देतात.”

“उकडलेली केळी देतात. त्याला जेवण म्हणतात होय?”

“आपण सेवेला आलोय. जेवायला नाही.”

“उपाशीपोटी केली की सेवा मोठी होते का?”

मास्तरांनी चष्मा पुसला. चौतीस वर्षं मिशनच्या शाळेत शिकवलेला माणूस, उत्तर सुचलं नाही की चष्मा पुसायचा. मग त्यांनी चर्चकडे बोट केलं. चर्च म्हणजे चार भिंती, अकरा बाकं, एक घंटा आणि वर आभाळ. छप्पर मागल्या वर्षीच्या वादळात गेलं होतं. त्याचा एक तुकडा अजून शेजारच्या टेकडीवरच्या बाभळीत अडकलेला दिसायचा.

“अठरा तारखेला असकोफू येणार,” मास्तर म्हणाले. असकोफू म्हणजे तिकडचे बिशप. “मी सोळाला-सतराला परत येतोच. तोवर छप्पर चढलं पाहिजे. पत्रे आलेत, चोवीस. चर्चला कुलूप नाही म्हणून ओबेदी फुंडीकडे ठेवलेत. तू फक्त त्याच्या मागं लाग. पण भांडू नकोस.”

“भांडायला भाषा कुठंय माझ्याकडं?”

“तुला भाषेची गरज पडलेली मी तरी पाहिली नाही,” असं म्हणून मास्तर बसमध्ये चढले. शहरातल्या बायबलशाळेत त्यांना दहा दिवस शिकवायचं होतं.

छपराचं एवढं काय, ते सांगते. असकोफूंचं पत्र आलं होतं. त्यात लिहिलं होतं, की अठरा तारखेपर्यंत काम उभं राहिलेलं दिसलं नाही तर ओहोळ पतिपत्नींना मायदेशी परत पाठवावं, उतारवयात त्यांचे हाल करू नयेत. मास्तर ते पत्र खिशात घेऊन फिरायचे. नगरच्या आमच्या मंडळीत एक समिती होती, ती पेन्शनीतल्या जोडप्यांना परदेशी सेवेला धाडायची. मास्तरांनी तिच्याकडे चार वेळा अर्ज केला. तीनदा नाही म्हणून आलं. “गोरे लोक समुद्र ओलांडून आपल्या गावाला आले, शाळा काढली, दवाखाना काढला. आपल्यातलं कोण कुठं गेलं?” असं ते दर नाताळात म्हणायचे, आणि मग पोरं फराळाकडं वळायची. चौथ्यांदा हो आलं तेव्हा ते चौसष्टचे होते आणि दोन्ही गुडघे गेलेले होते. मी अठ्ठावन्नची. शुभदाला तेव्हा सातवा लागला होता. पोरीचं बाळंतपण टाकून मी आले. जुळं झाल्याची तार मला म्वेंबेनीत मिळाली. आता दोन महिन्यांत हात हलवत परत जायचं, तर हा माणूस नगरात मान वर करून चालला नसता. मी ओळखून होते.

भाषेचं म्हणाल तर मास्तर मला शिकवत होते. त्यांनी वही घातली होती, सात धड्यांची. पहिला धडा नातीगोती, दुसरा रामराम-नमस्कार, तिसरा घर आणि गुरंढोरं. आम्ही तिसऱ्यावर होतो. पुढचं विचारलं की म्हणायचे, “धडा पक्का झाल्याशिवाय पुढचा नाही.” बेचाळिसाव्या वर्षी मला अक्षरओळखही त्यांनी अशीच करून दिली. ‘क’ला नीट वळण येईपर्यंत तीन आठवडे ‘ख’ दाखवला नाही.

बरं, मी कुणाला काही विचारेन म्हणाल, तर ती सोय राहिली नव्हती. पहिल्याच रविवारी मंडळीनं आमचं स्वागत केलं. मी हौसेनं उठले आणि मास्तरांकडं हात करून सांगितलं, की आमच्याकडं ह्यांना सगळे ‘दादा’ म्हणतात. “दादा! दादा!” मी आपली म्हणतेय, आणि बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसतायत. तिकडं दादा म्हणजे बहीण. आणि मला सगळे म्हणायला लागले ‘मामा’, कारण तिकडं मामा म्हणजे आई. पुढं पंधरा दिवस गावातली पोरं मास्तरांना बघून “दादा ओहोळ” म्हणून ओरडायची आणि मी त्यांची मामा. तेव्हापासून ठरवलं, की आपण होऊन शब्दाचा अर्थ विचारायचा नाही. कान उघडे ठेवायचे, आपोआप समजतं.

मास्तर गेले त्याच दुपारी मी ओबेदी फुंडीकडं गेले. फुंडी म्हणजे कारागीर. सुतार, गवंडी, लोहार, सगळं एकच. हा ओबेदी चाळिशीचा, लांबच लांब माणूस, कायम कानावर पेन्सिल. त्या पेन्सिलीनं त्यानं काही लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही. दुकानापुढं एक अर्धं झालेलं कपाट होतं, त्यात कोंबडी अंड्यावर बसलेली.

मी चर्चकडं बोट केलं, मग दोन्ही हातांनी डोक्यावर छप्पर केलं.

ओबेदी गोड हसला. “केशो, मामा.”

केशो! माझ्या जिवात जीव आला. आमच्या माहेरी एक केशव सुतार होता, त्याला सगळे केशोच म्हणायचे. मी म्हटलं, बरं झालं, हा ओबेदी नुसता मुकादम आहे, खरं काम करणारा केशो नावाचा गडी वेगळा आहे. कदाचित आपल्याच मुलखातला कुणी जुन्या काळी इकडं येऊन राहिलेला असेल.

दुसऱ्या दिवशी आमच्या दाराची कडी निघाली. शेजारच्या नेएमाच्या नवऱ्याला दाखवली. तो म्हणाला, “केशो.” पाण्याच्या पिंपाची तोटी गळत होती. ती बघून तोही म्हणाला आणि त्याचा भाऊही म्हणाला, “केशो.” सोमवारी शुभदाला पाठवायचं पत्र घेऊन बसच्या ड्रायव्हरकडं गेले. त्यानं पत्र हातात घेतलं नाही, म्हणाला, “केशो, मामा.”

आता मात्र मला केशोची दया यायला लागली. छप्पर त्यानं करायचं, कडी त्यानं बसवायची, तोटी त्यानं बघायची आणि टपालही त्यानंच न्यायचं. अख्खं गाव आंब्याखाली बसून केशोवर काम ढकलतंय! माझ्या सासरी आमच्या धाकट्या जावेचं असंच झालं होतं.

मंगळवारी मी नेएमाला गाठलं. ही नेएमा बाई म्हणजे बायकांच्या मंडळाची पुढारी. आवाज असा, की चर्चची घंटा बिघडली तरी चाललं असतं. पाळक महिन्यातून एकदा यायचे, एरवी उपासना तीच चालवायची. कुठे आहे म्हणायला ते ‘वापी’ म्हणतात, तेवढं मला येत होतं.

“नेएमा, केशो वापी?”

नेएमानं माझ्याकडं बघितलं, आणि खळखळून हसली. मग पूर्वेच्या टेकडीकडं हात केला.

म्हणजे टेकडीपलीकडं राहतो तर!

“केशो...” मी हाताची मूठ करून फुगवली. म्हणजे माणूस दणकट आहे ना, कामाचा आहे ना?

नेएमा एकदम गंभीर झाली. तिनं आभाळाकडं बघून सांगितलं, “केशो नी या मुंगू.” मुंगू म्हणजे देव, हे दुसऱ्या धड्यात झालेलं होतं. केशो देवाचा आहे! म्हणजे भक्त माणूस. मला वाटलंच. इतकी कामं अंगावर घेणारा माणूस एकतर भक्त असतो नाहीतर घरजावई.

बुधवारी केशो आला नाही. गुरुवारी आला नाही. मी रोज चार वाजता चहाचं आधण टाकायची आणि एक भाकर जास्तीची करायची, न जाणो टेकडी उतरून दमून आला तर. ती भाकर रोज ओबेदीची शेळी खायची. त्याची एक शेळी आमच्याच अंगणात असायची. शुक्रवारी माझा तोल गेला. मास्तरांनी भांडू नको म्हणून सांगितलं होतं, पण मराठीत भांडू नको असं काही म्हणाले नव्हते.

“काय रे ए लांबड्या! कुठाय तुझा केशो? रोज केशो, केशो! तू स्वतः काय पेन्सिल मिरवायला बसलायस का? पत्रे वर कधी जाणार? अठरा तारीख तुझा बाप थांबवणार आहे का?”

ओबेदीला एक अक्षर कळलं नाही, पण सूर कळला. तो उभा राहिला, पेन्सिल काढून हातात घेतली आणि अदबीनं म्हणाला, “केशो कुट्वा, मामा. केशो कुट्वा.”

मी वरमले. नुसतं केशो म्हटलेलं मला आवडलं नाही असं त्याला वाटलं आणि त्यानं माणसाचं आडनावासकट नाव सांगितलं. केशो कुट्वा. चांगल्या घरचा माणूस दिसत होता, आणि मी त्याला अरेतुरे करत होते.

त्या दिवशी मी ठरवलं, की हा माणूस येईल त्या दिवशी त्याचा रीतसर सत्कार करायचा. राबणाऱ्याला ह्या गावात कुणी मान देत नव्हतं, म्हणून तो येत नसणार. आपल्याकडं गवंड्यानं शेवटची वीट ठेवली की त्याला टॉवेल-टोपी करतात. माझ्याकडं एक कोरा टॉवेल होता, सोलापुरी. मास्तरांची एक टोपी, इस्त्रीची, अजून न घातलेली. नारळ मिळाला बाजारात. मी सगळं ताटात मांडून वर फडकं टाकलं.

शनिवारी सकाळी मी नऊवारीचा काष्टा खोचला आणि ओबेदीच्या दुकानाच्या उंबऱ्यात जाऊन बसले. एक पत्रा तरी दाखव, एवढंच म्हणत होते. कारण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. दुकानात चोवीस पत्रे काही दिसत नव्हते. ओबेदी माझ्यावरून उडी मारून आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. गिऱ्हाईक आलं ते मला बघून नमस्कार करून परत गेलं. दिवस कलला तेव्हा तो हात जोडून म्हणाला, “मामा, केशो, केशो...” मी हलले नाही. शेवटी त्याची बायको मला उठवून घरी पोचवून गेली.

रविवारी उपासनेला ओबेदी आला. मी दारातच धरला.

“केशो?”

त्यानं छातीवर हात ठेवला, डोळे मिटले. “केशो, मामा! केशो कबिसा!”

कबिसा म्हणजे अगदी नक्की, हे पोरांच्या बोलण्यातून माझ्या कानावर आलेलं होतं. केशो नक्की! हा माणूस देवळाच्या दारात शपथ घेत होता. माझे डोळे भरून आले. उद्या सोमवार, परवा मंगळवार, आणि बुधवारी असकोफू. वेळेत होत होतं.

उपासना झाली, नेएमानं विचारलं, कुणाला काही सांगायचंय का. मी उठले. ‘दादा’च्या प्रसंगानंतर मी मंडळीपुढं तोंड उघडलं नव्हतं. पण म्हटलं, उद्या तो माणूस टेकडी उतरून येणार, त्याच्या मदतीला चार हात नकोत का? आणि ह्या वेळी मी पुरुषाच्या नावामागं आदरानं काय लावायचं तेही नीट आठवून घेतलं होतं. मास्तरांच्या वहीत लिहिलेलं होतं, ‘ब्वाना = श्रीयुत.’ आणि येतोय म्हणजे ‘अनाकुजा’. बस दिसली की पोरं तेच ओरडतात.

मी दोन्ही हात वर केले आणि खणखणीत म्हणाले,

“ब्वाना केशो अनाकुजा!”

बाकावरचं एक तान्हं रडत होतं ते थांबलं.

नेएमा हळूच म्हणाली, “ब्वाना?”

“ब्वाना!” मी म्हटलं.

“केशो?”

“केशो! कबिसा!” आणि वरती उघड्या आभाळाकडं बोट करून मी म्हटलं, “ब्वाना अनाकुजा, छप्पर हपाना!” छपराला त्यांचा शब्द मला येत नव्हता, पण हपाना म्हणजे नाही, आणि बोट होतंच.

मागून एक बाई किंचाळली. मग दुसरी. मग सगळ्या बायकांनी जीभ हलवून तिकडं लग्नात काढतात तसा आवाज काढला. म्हातारे गुडघ्यावर आले. नेएमानं मला मिठी मारली ती माझी हाडं वाजली. मला वाटलं, बघा, मनातून सगळ्यांना केशोबद्दल किती आहे! नुसतं कुणीतरी बोलायचं राहिलं होतं. ओबेदीचा चेहरा मात्र राखेसारखा झाला होता. मी म्हटलं, मालक येणार म्हणून चळचळ कापतोय. काप लेका.

दुपारच्या बसनं ही बातमी म्वेंबेनीहून निघाली.

सोमवारी मी उजाडायला दार उघडलं, तर अंगणात माणसंच माणसं. सगळी पांढऱ्या कपड्यात. टेकडीवरून अजून उतरत होती, आजारी माणसांना खाटेवर घालून आणत होती. मी मोठं पातेलं चढवलं आणि चहाला लागले. बघते तर काय, गावाचा नूरच पालटलेला. ज्या दोन जावा आठ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्या गळ्यात गळा घालून रडत होत्या. एक माणूस काखेत कोंबडी घेऊन नेएमाकडं आला आणि ती तिच्या पायाशी ठेवून लोळण घालायला लागला. त्यानं सहा वर्षांपूर्वी चोरलेल्या कोंबडीची ती नात होती म्हणे. आणि मास्तरांची छत्री, जी दुसऱ्या आठवड्यात गायब झाली होती, ती आमच्या दाराला टांगलेली सापडली, धुऊन.

आणि रस्त्यानं ओबेदी येत होता. तो, त्याचे तीन भाऊ, बायको, आणि सगळ्यांच्या डोक्यावर पत्रे. चोवीस. पत्र्यांना शेळ्यांच्या लेंड्या चिकटलेल्या. मागं आठ-दहा शेळ्या बें बें करत, कारण त्यांच्या गोठ्याचं छप्पर पुढं चाललं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्या गृहस्थानं आमचे पत्रे स्वतःच्या गोठ्यावर घातले होते!

पण भांडायला वेळ कुणाला होता? ओबेदी वर चढला, रडत रडत खिळे ठोकायला लागला. दर खिळ्यामागं एकेक पाप मोठ्यानं सांगत होता, आणि खालून बायको विसरलेल्यांची आठवण करून देत होती. पन्नास माणसं वाशांना लटकली. अशी कामाची घाई मी जन्मात पाहिली नाही. लोक सारखे आभाळाकडं बघत होते आणि अजून जोरात ठोकत होते.

मी ताट घेऊन गर्दीत फिरत होते. जो परका दिसेल त्याच्यापुढं जाऊन विचारायची, “ब्वाना केशो?” लोक डोळे मिटून “आमेन” म्हणायचे. शेवटी नेएमाला विचारलं, “ब्वाना वापी?” तिनं वर बोट केलं. मी मान मोडेपर्यंत वर बघितलं. वर ओबेदी होता आणि एक शेळी. ती तिथं कशी गेली ते आजवर कळलेलं नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला शेवटचा पत्रा बसत होता, तेवढ्यात जीपचा आवाज आला. धुळीचा लोट उठला. सगळी गर्दी धडाधड गुडघ्यावर आली. कुणी तोंड झाकून घेतलं. जीप थांबली आणि तिच्यातून आधी मास्तर उतरले, गुडघ्याला हात लावत, आणि मागून असकोफू. जांभळा सदरा, गळ्यात क्रूस, रुंद छाती, आणि कपाळाला आठी. शहरात बातमी आदल्या संध्याकाळीच पोचली होती.

मास्तर तरातरा माझ्याकडं आले. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मी असा बघितला नव्हता.

“इस्तेर! काय सांगितलंस तू ह्या लोकांना?”

“काय सांगितलं म्हणजे? केशो येणार म्हणून सांगितलं. तो कधीचा येतो येतो म्हणतोय. बघा, छप्पर झालंसुद्धा, अजून त्याचा पत्ता नाही.”

“कोण केशो?”

“अहो तो कारागीर. केशो कुट्वा. टेकडीपलीकडं राहतो. भक्त माणूस आहे.”

मास्तरांनी माझ्या हातातल्या ताटाकडं बघितलं. टॉवेल, टोपी, नारळ.

“आणि हे?”

“त्याचा सत्कार.”

मास्तरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. म्हणाले, “इस्तेर, केशो म्हणजे उद्या.”

“कोण उद्या?”

“कोण नाही! केशो ह्या शब्दाचा अर्थ उद्या. आज, उद्या, परवा. तो सातवा धडा आहे!”

“मग केशो कुट्वा?”

“परवा!”

मी बाहेर काढलेल्या बाकावर मटकन बसले. “आणि मी तर श्रीयुत केशो येतायत म्हणाले. ब्वाना लावून.”

“ब्वाना म्हणजे श्रीयुत खरं. पण चर्चमध्ये उभं राहून नुसतं ब्वाना म्हटलं तर ब्वाना म्हणजे प्रभू! अगं, तू ह्यांना सांगितलंस की प्रभू उद्या येतोय!”

मला पहिलं काय सुचलं असेल? मी म्हटलं, “आपल्याकडं पण प्रभू आडनावाचे पोस्टमास्तर होते की.”

मास्तर लाकडांच्या ढिगावर बसले. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. तीन अर्ज नाकारले गेले तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आणि आज माझ्या वेडेपणापायी हे व्हावं! मी जवळ गेले तर हा माणूस हसत होता. आवाज फुटत नव्हता, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि “पोस्टमास्तर, पोस्टमास्तर” एवढंच म्हणत होते.

असकोफू येऊन समोर उभे राहिले. मास्तर गप्प झाले, उभे राहिले, आणि इंग्रजीत सगळं सांगायला लागले. सांगता सांगता आवाज बारीक होत गेला. प्रभू अमुक दिवशी येणार म्हणून लोकांना सांगणं ही काही साधी गोष्ट नव्हे. तेवढ्यावरून माणसांना मंडळीतून काढल्याची उदाहरणं होती. मी मनात ट्रंका भरायला घेतल्या. शेवटी मास्तरांनी खिशातलं ते पत्र काढलं आणि स्वतःच असकोफूंच्या पुढं धरलं.

असकोफूंनी ते घेतलं नाही. मला विचारलं, मास्तरांनी मराठीत सांगितलं: “ते विचारतायत, केशो येणार असं तुला कोणी सांगितलं?”

मी वर बोट केलं. “ह्यानं. दहा दिवस रोज.”

असकोफूंनी वर बघितलं. वर ओबेदी हातोडी छातीशी धरून बसला होता. मग त्यांनी पत्रे बघितले, पत्र्यांवरच्या लेंड्या बघितल्या, बिनछपराच्या गोठ्याच्या शेळ्या बघितल्या. त्या दोन जावा अजून हातात हात घालून होत्या. नेएमाच्या काखेत कोंबडी होती. असकोफूंच्या कपाळाची आठी गेली आणि पोट हलायला लागलं.

मग ते लोकांकडं वळून बोलले, पुष्कळ वेळ. मास्तर मला एकेक वाक्य सांगत होते.

“ते म्हणतायत, दिवस आणि घटका कोणालाच ठाऊक नाही. मामानं कारागिराची वाट बघितली, तुम्ही प्रभूची. मामाची भाषा चुकली.”

लोकांत कुजबूज झाली. कोणी हसलं, कोणी उसासा टाकला. ज्यानं कोंबडी आणली होती तो नेएमाच्या काखेकडं बघायला लागला.

“ते म्हणतायत, तीस वर्षं मी ह्या मुलखात प्रभू येणार, प्रभू येणार म्हणून उपदेश करतोय. एकानं कधी एक अंडं परत केलेलं मला माहीत नाही. ही बाई तीन शब्द चुकीचे बोलली आणि चोवीस पत्रे वर चढले. कोंबडी कोणी परत न्यायची नाही.”

नेएमा खदाखदा हसली, आणि मग सगळेच.

असकोफूंनी माझ्या हातातल्या ताटाचं विचारलं. मास्तरांनी सत्काराची रीत सांगितली, शेवटच्या विटेला टॉवेल-टोपी. त्यांनी ओबेदीला खाली बोलावलं. तो कापत कापत उतरला. मी त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला, आणि डोक्यावर मास्तरांची टोपी ठेवायला त्याला पार खाली वाकावं लागलं. कानावरची पेन्सिल काढेना, म्हणून टोपी तिरकी बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओबेदी मला रडत रडत काहीतरी म्हणाला.

“काय म्हणतोय हा?” मी विचारलं.

“म्हणतोय, मामा, कडी आणि तोटी आजच करून देतो,” मास्तर म्हणाले.

जाताना असकोफू जीपमध्ये बसले आणि खिडकीतून मास्तरांशी बोलले. मास्तर ऐकताना ताठ उभे होते, शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर राहायचे तसे. जीप गेली तरी तसेच उभे.

“काय म्हणाले? जायचं का परत?”

“राहायचं म्हणाले. कराराची तीन वर्षं, पुढं प्रकृतीप्रमाणे.” त्यांनी ते पत्र घडी केलं, चार घड्या, आठ घड्या, आणि चहाच्या चुलीत घातलं. “फक्त एक अट घातलीय.”

“काय?”

“तू मंडळीपुढं काही जाहीर करायचं नाही. सातवा धडा होईपर्यंत.”

“मग आज रात्रीच घ्या सातवा.”

“चौथा कधी झाला?” मास्तर म्हणाले. “धडा पक्का झाल्याशिवाय पुढचा नाही.”

आम्ही म्वेंबेनीत राहिलो. मास्तरांनी तिथं शाळा काढली, चर्चच्याच छपराखाली, एकोणीस पोरांची. दोन वर्षांत ती त्र्याऐंशीवर गेली. शुभदाची जुळी मी पहिल्यांदा पाहिली ती अडीच वर्षांची असताना, आणि तेव्हा मी एकटीच परत आले होते. माझे पती शांतवन लूका ओहोळ मंगळवार, ९ नोव्हेंबर १९९३ रोजी सकाळी म्वेंबेनी येथे वारले.